भाजलं म्हणून विष जात नाही

गगनबावड्याकडचा पाऊस कोल्हापुरात उतरला, की डब्यातल्या शेंगदाण्यांनाही ओल धरते. आठवडाभरात एखाद्या दाण्यावर हिरवट-पिवळी पूड दिसते. आमच्या घरी असे दाणे फडक्यानं पुसून, खरपूस भाजून त्यांचं कूट करायचे. भाजल्यावर बुरशी मरते, हे खरं. पण तिनं दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन २०० अंश सेल्सिअसच्या पुढेही तग धरतं.

हे विष ओळखलं गेलं ते इंग्लंडमध्ये १९६० साली टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा. त्यांची संख्या लाखावर गेली होती. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. आपल्या देशात १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. काविळीनं पिवळी पडलेली, पोटात पाणी झालेली.

पण मला जास्त काळजी वाटते ती रोज थोडं थोडं पोटात जाणाऱ्या विषाची. यकृत ते बाहेर टाकायच्या खटपटीत त्याचं रूप बदलतं आणि नेमकं हे नवं रूपच घातक ठरतं. डीएनए म्हणजे पेशीतला चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. त्यातल्या 'जी' या अक्षराला ते जाऊन चिकटतं. पेशी बहुतेक वेळा ही खोट दुरुस्त करते. एखादी राहून गेली, तर नक्कल करताना 'जी'च्या जागी 'टी' उतरतो. पी-५३ हे जनुक पेशीच्या बेसुमार वाढीला लगाम घालतं. त्यातल्या तीन-तीन अक्षरांच्या शब्दांपैकी २४९व्या शब्दात हा बदल झाला, की लगाम सुटतो. जिथं हे विष अन्नात फार, तिथल्या यकृताच्या कर्करोगांत नेमका हाच बदल वारंवार सापडला आहे. त्यात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग, असेल, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. बाळाला त्याची लस चुकवू नये, ती यासाठीसुद्धा.

आता गोठ्याकडे वळू. कोल्हापूर दुधाचा जिल्हा, म्हणून हे सांगायलाच हवं. पावसात भिजलेली पेंड आपण खात नाही, म्हशीला घालतो. तिच्या अंगात त्या विषाचं एम-१ हे रूप तयार होतं आणि दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. किलोभर दुधात ०.५ मायक्रोग्रॅम (ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्मं), एवढीच त्याची कायदेशीर मर्यादा आहे.

शेंगा काढल्यावर कडक वाळवाव्यात, पोती जमिनीला टेकू न देता फळ्यांवर रचावीत. बुरशी लागलेले दाणे पुसत बसू नये, टाकून द्यावेत. म्हशीच्या आंबोणातही घालू नयेत. खराब पेंड बंद केली, की चार-पाच दिवसांत दुधातलं विष झपाट्यानं उतरतं.