पौराणिक ॲक्शन गेम : लढाई, शस्त्रे आणि कोडी

पुराणकथा, दैवतकथा किंवा लोककथा यांतले देव, दैत्य आणि वीर घेऊन रचलेला, मुख्यतः हाणामारीवर चालणारा व्हिडिओ गेम म्हणजे पौराणिक ॲक्शन गेम. खेळाडूच्या हाती एक नायक दिलेला असतो आणि त्याच्यामागे दोन कामे लावलेली असतात : अंगावर येणारा शत्रू आडवा करणे आणि बंद पडलेली वाट मोकळी करणे. इतर बऱ्याच गेममध्ये ही दोन खाती वेगळी ठेवलेली असतात. या प्रकारातल्या चांगल्या गेममध्ये मात्र दोन्ही कामांना एकच हत्यार पुरते. ज्या कुऱ्हाडीने राक्षस फोडायचा, तिनेच दारही उघडायचे. सँटा मोनिका स्टुडिओने सोनीच्या प्लेस्टेशनसाठी २००५ पासून बनवलेली ‘गॉड ऑफ वॉर’ ही मालिका याचा सर्वांत ठळक नमुना. म्हणून या नोंदीत मुख्य भर तिच्यावर आहे.

गोव्यातल्या वाचकाला हा मामला परका वाटू नये. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत दशावतारी नाटके रात्र रात्र चालतात, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात, साखळी गावातला वीरभद्र तलवारी घेऊन नाचतो. देवाने दैत्याला मारले एवढे सांगून इथल्या प्रेक्षकाचे समाधान होत नाही. कशाने मारले, कुठे मारले, कुठल्या वराला बगल देऊन मारले, हे त्याला पाहायचे असते. पौराणिक ॲक्शन गेमची सगळी रचना याच कुतूहलावर उभी आहे.

लढाई

पहिल्या ‘गॉड ऑफ वॉर’चा नायक क्रेटोस हा स्पार्टाचा योद्धा. त्याच्या दोन्ही हातांना साखळ्यांनी जोडलेली पाती आहेत. एका बटणावर हलका वार, दुसऱ्यावर जड वार, तिसऱ्याने शत्रूला धरायचे. या तिन्हींच्या जुळणीतून ‘कॉम्बो’ तयार होतात. कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात नव्हता, तो बनवणाऱ्यांनीच ठरवलेल्या जागेवरून पाहायचा. त्यामुळे कंट्रोलरवरची उजवी काडी मोकळी राहिली आणि तिला कोलांटी मारून वार चुकवण्याचे काम दिले गेले. पात्यांची फेक लांब, घेर मोठा. दहाबारा शत्रूंनी घेरले तरी एका वळशात सगळ्यांना लागते. मोठा राक्षस अर्धमेला झाला की पडद्यावर बटणाचे चिन्ह चमकते, ते वेळेत दाबले की त्याचा शेवट होतो. ही युक्ती या मालिकेने इतकी लोकप्रिय केली, की पुढे काही वर्षे ज्या त्या गेममध्ये ती दिसू लागली आणि तिचा वीटही आला.

२०१८ सालच्या भागात कथा ग्रीसमधून उत्तर युरोपातल्या नॉर्स देवांच्या मुलखात गेली आणि लढाईचा सूरच बदलला. कॅमेरा क्रेटोसच्या खांद्याशी येऊन बसला. समोरचा शत्रू जवळ दिसू लागला, पाठीमागचा मात्र दिसेनासा झाला. म्हणून पाठीवर कोण येतो आहे ते सांगायला पडद्यावर बाण उमटतो आणि मुलगा अत्रेयस ओरडून सावध करतो. मुलगा निव्वळ शोभेचा नाही. एक बटण दाबले की तो बाण मारतो, शत्रूचे लक्ष तिकडे वळते आणि बापाला जागा मिळते.

शत्रूच्या वारालाही रंगांची भाषा आहे. त्याच्याभोवती पिवळे कडे उमटले तर नुसती ढाल धरून भागत नाही, वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो. लाल कडे दिसले तर ढालीचा काही उपयोग नाही, बाजूला उडी घ्यायची. २०२२ च्या ‘रॅग्नारॉक’ या पुढच्या भागात निळे कडे आले : तो वार पडण्याआधीच ढालीने धडक देऊन मोडायचा. नेमक्या क्षणी ढाल उचलून वार परतवणे, म्हणजेच ‘पॅरी’, जमला की लढाई बटणे बडवण्यापुरती राहत नाही, तिला ताल येतो. दशावतारातले युद्ध पाहिलेल्याला हे सांगावे लागणार नाही. तिथे तलवारीला तलवार लागते ती पखवाज आणि झांजेच्या ठेक्यावर, आणि नट कच्चा असेल तर लोकांना ते आधी कानाने कळते.

नॉर्स भागांत क्रेटोसचे मुख्य हत्यार कुऱ्हाड; ती म्यान करून नुसत्या मुठींनी लढण्याचीही सोय आहे. मुठीने जीव फारसा जात नाही, पण शत्रू लवकर भोवंडतो. भोवंडला की धरून फाडायचा. मालिकेतली हिंसा कायम अशी उघडीवाघडी आहे. हा प्रौढांसाठीचा गेम आहे आणि दिवाळीच्या सुटीत सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाती तो देणाऱ्या मामा-काकांनी वेष्टनावरचा वयाचा आकडा एकदा वाचावा.

लढाईचे खरे शिखर म्हणजे २०१८ च्या भागातल्या नऊ वाल्कीरी, म्हणजे नॉर्स कथांतल्या रणदेवता. कथा पूर्ण करायला त्यांची गरज नाही, वाट वाकडी करून जाणाऱ्यासाठीच त्या ठेवल्या आहेत. आठ जणींकडून आठ प्रकारचे वार शिकून घ्यायचे आणि मग त्यांची राणी सिग्रून ते सगळे वार एकाच लढाईत काढते.

शस्त्रे

या गेममध्ये शस्त्र दुकानातून येत नाही, त्याला वंशावळ असते. साखळीची पाती युद्धदेव आरेसने दिलेली. त्याच पात्यांनी क्रेटोसच्या हातून स्वतःची बायको आणि मुलगी मारली गेली. लेव्हायथन ही कुऱ्हाड ब्रॉक आणि सिंद्री या बुटक्या भावांनी घडवली, ती क्रेटोसच्या दुसऱ्या बायकोसाठी, फेसाठी. तिच्या मरणानंतर ती त्याच्या हाती आली. ‘रॅग्नारॉक’मधला भाला द्राउपनीर या अंगठीपासून बनतो. मूळ नॉर्स कथेत ही अंगठी देवांचा राजा ओडिन याची असून दर नवव्या रात्री तिच्यातून तितक्याच वजनाच्या आठ अंगठ्या गळतात. गेमने हा गुण जसाच्या तसा उचलला : भाला फेकला की हातात दुसरा तयार. फेकलेले भाले शत्रूच्या अंगात रुतून राहतात आणि एका बटणावर एकदम फुटतात. पुराणातल्या एका ओळीतून लढण्याची आख्खी पद्धत काढणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

कुऱ्हाडीचे कसब वेगळे. ती फेकता येते आणि त्रिकोणाचे बटण दाबले की सरळ हातात परत येते. येताना मध्ये कोणी उभा असेल तर त्यालाही लागते. हातात बसताना कंट्रोलर थरथरतो. इतक्या साध्या गोष्टीत इतकी मजा कशी, याचे उत्तर वेळेत आहे. कुऱ्हाड जितकी दूर, तितकी परतायला उशीर, आणि तेवढा वेळ खेळाडू मुठींवर असतो. आधी फेकावी की हातात ठेवावी, हा निर्णय दर लढाईत दहा वेळा घ्यावा लागतो.

कथा आणि शस्त्र यांची सर्वांत घट्ट गाठ २०१८ च्या भागात, मध्यावर येते. मुलगा आजारी पडतो. त्याच्यावरचा उपाय मृतांच्या मुलखात, हेलहाइममध्ये. तिथे सगळेच गोठलेले, आणि क्रेटोसच्या कुऱ्हाडीचा गुण नेमका बर्फाचा. तिथल्या प्रेतांना तिचे काहीच वाटत नाही. बाप वादळात होडी वल्हवत घरी जातो, जमीन उचकटतो आणि गाडून ठेवलेली जुनी पाती बाहेर काढतो. साखळ्या पुन्हा मनगटांना गुंडाळतो. खेळाडूच्या दृष्टीने ही आगीची नवी हत्यारे मिळण्याची जागा आहे; क्रेटोससाठी ती नामुष्की आहे. पुढच्या लढाया दोन्ही हत्यारे आलटून पालटून लढाव्या लागतात : गोठलेल्याला आग, जळत्याला बर्फ.

आपल्याकडे महाभारत-रामायणातली अस्त्रे याच हिशेबाने चालतात. आग्नेयास्त्राला वारुणास्त्र, नागास्त्राला गरुडास्त्र. नारायणास्त्राचा उतारा तर आणखी नामी. द्रोणाच्या वधानंतर अश्वत्थाम्याने ते सोडले, तेव्हा कृष्णाने सगळ्यांना हत्यारे टाकून रथाखाली उतरायला लावले, कारण प्रतिकार करणाऱ्यावर ते अधिकच भडकते. भीम ऐकेना, त्याला ओढून खाली उतरवावे लागले. वार न करणे हेच उत्तर असलेली अशी लढाई पौराणिक गेममध्ये अजून फार क्वचित दिसते. बटण दाबू नका, असे खेळाडूला सांगणे बनवणाऱ्यांना जड जात असावे.

कोडी

ग्रीक भागांतली कोडी दोन जातींची. पहिली जात ठोकळे ढकलण्याची : दगडी पेटी सरकवून बटणावर ठेवायची म्हणजे दार उघडे राहते. क्रोनॉस या टायटनच्या, म्हणजे देवांच्या आधीच्या पिढीतल्या महाकायाच्या, पाठीवर बांधलेल्या पँडोराच्या मंदिरात, पहिल्याच भागात, अशी कोडी भरपूर आहेत. मंदिराची कल्पना भव्य, पण पेट्या त्या पेट्याच. प्रस्तुत नोंदकाराच्या मते हा निव्वळ भरणा आहे.

दुसरी जात शस्त्राने उघडणाऱ्या वाटांची, आणि मालिकेचे कौशल्य तिथेच आहे. समुद्रदेव पोसायडनचा त्रिशूळ मिळाला की पाण्याखाली श्वास घेता येतो. मग आधी ओलांडून गेलेले तळे म्हणजे रस्ता होता हे कळते. २०१० च्या तिसऱ्या भागात तर देवांच्या आणि वीरांच्या वस्तू हाती येतात आणि त्यांतली एकेक किल्ली ठरते. सूर्यदेव हेलिओसचे तोडलेले मुंडके कंदील होऊन अंधार आणि लपलेल्या वाटा दाखवते, हर्मीसच्या पादत्राणांनी भिंतीवर धावता येते, अपोलोच्या धनुष्याने काटेरी झुडपे जळतात, हर्क्युलिसकडून हिसकावलेले लोखंडी पंजे काळा दगड फोडतात. याच भागातली हेराची बाग मात्र अगदी वेगळी. तिथे कॅमेऱ्याच्या एका कोनातून दोन जिने जोडलेले दिसले की ते खरोखरच जोडले जातात. आख्ख्या ग्रीक मालिकेत डोक्याला खरा ताप देणारी जागा हीच.

२०१८ मध्ये कुऱ्हाडीने ही जात पुरती पालटली. एक नेहमीचा प्रसंग असा : साखळीने वर ओढलेले जड दार, बाजूला दातेरी चाक. चाक फिरवून दार वर न्यायचे, पण हात सोडला की ते खाली येते. उपाय म्हणजे दार वर असताना कुऱ्हाड चाकावर फेकायची. बर्फाने चाक जाम होते, दार अडून राहते. आता पलीकडे जाता येते, पण कुऱ्हाडीशिवाय. पलीकडे शत्रू असतील तर ते मुठींनी निपटायचे, नाहीतर कुऱ्हाड बोलवायची आणि दार पडू द्यायचे. कोडे सोडवण्याची किंमत लढाईत मोजावी लागते, असा हिशेब त्यात आहे. पुढे हेलहाइममध्ये पात्यांनाही असेच काम मिळते. तिथला वारा पात्यांवर उचलून एका यंत्रातून दुसऱ्यात नेऊन ठेवला की दारे हलतात. ‘रॅग्नारॉक’मध्ये कड्यातल्या वारा सुटणाऱ्या भोकांत भाला मारायचा, मग एकतर त्याला लोंबकळून वर चढायचे किंवा तो फोडून दगड उडवायचा.

तीन घंटांची पेटीही सर्वांना आठवते. नॉर्न या दैवरेखा लिहिणाऱ्या देवी; त्यांच्या नावाची पेटी तीन खुणांनी बंद असते. काही ठिकाणी आसपास लपवलेल्या तीन घंटा थोड्याशा अवधीत वाजवायच्या असतात. आधी तिन्ही हेरायच्या, नंतर उभे राहायची जागा ठरवायची, मग कुऱ्हाड, बाण, कुऱ्हाड. आत इडुनचे सफरचंद मिळते. अशी तीन गोळा केली की क्रेटोसचे आयुष्य वाढते. नॉर्स कथांतही देव तरुण राहतात ते इडुनच्या सफरचंदांमुळेच, तेव्हा बक्षीससुद्धा पुराणाला धरून.

‘रॅग्नारॉक’वर एक तक्रार सर्रास झाली आणि ती रास्त आहे. खेळाडू कोड्यासमोर जेमतेम उभा राहतो, तोच सोबतची पात्रे उत्तर सुचवू लागतात. कोडे पाहायला वेळ न देणारा हा मदतनीसपणा वैताग आणतो.

कोडे म्हणून लढाई, ही कल्पना आपल्या पुराणांत जुनीच आहे. हिरण्यकशिपूला मरण माणसाकडून नाही, पशूकडून नाही; दिवसा नाही, रात्री नाही; घरात नाही, बाहेर नाही; शस्त्राने तर नाहीच. नरसिंहाने संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी उत्तर दिले. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा, म्हणून कालीने रक्त खाली पडूच दिले नाही. गेम बनवणाऱ्याला याहून तयार आराखडे कुठे मिळणार?

इतर गेम

जपानी ‘ओकामी’मध्ये (२००६) सूर्यदेवी अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात असते आणि तिचा कुंचला हेही एक हत्यार. पडद्यावर रेघ ओढली की शत्रू चिरतो, गोल काढला की सूर्य उगवतो. लढाई आणि कोडी एकत्र मुरवण्यात तिच्यासारखा गेम नाही. अमेरिकी ‘हेडीस’ (२०२०) कोड्यांच्या वाटेला जात नाही. सहा हत्यारे आणि देवांकडून मिळणारे वर यांच्या जुळण्या हाच त्याचा डाव. चिनी ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ (२०२४) वानरराजाचा दंड आणि रूपांतरे यांवर चालतो, त्यातही भर लढाईवर.

भारतात हनुमानावरचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. पूज्य देवाला खेळाडूच्या बोटांवर नाचवणे योग्य आहे का, यावर तेव्हा आक्षेप घेतले गेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ने ही अडचण टाळली. त्यात नायिका देव नाही, धाकट्या भावाला सोडवायला निघालेली डोंबारी खेळ करणारी मुलगी आहे. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याविषयी बोलतात, तिला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्य आणि तलवार-ढाल. खांबाभोवती गिरकी घेऊन किंवा भिंतीवर धावून वार करण्याची तिची लकब तिच्या धंद्यातूनच आलेली आहे आणि ती सुरेख जमली आहे. कोडी मात्र मंडलाची वर्तुळे फिरवून चित्र जुळवण्याची आहेत. दिसायला देखणी, पण त्रिशूळ तेवढा वेळ पाठीवर नुसता बांधलेला राहतो.