रॉकाबिलीच्या विसरलेल्या तबकड्या आल्या कुठून?

रॉकाबिली, म्हणजे 1950 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत उगवलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल, म्हटलं की एल्विस प्रेस्ली, फार तर कार्ल पर्किन्स. बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. पण संग्राहक ज्यांच्यामागे हात धुऊन लागतात त्या तबकड्या या दोघांच्या गाजलेल्या गाण्यांच्या नाहीत. ती गाणी लाखोंनी विकली गेली आणि आजही ढिगाने सापडतात. दुर्मीळ आहेत त्या 1955 ते 1959 च्या दरम्यान टेक्सास, टेनेसी, आर्कान्सा, अलाबामा इथल्या गावांतून निघालेल्या आणि त्या गावांच्या वेशीबाहेर फारशा न गेलेल्या. त्या हरवल्या असं सर्रास म्हटलं जातं, पण मुळात त्या निघाल्याच मूठभर.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. 5 जुलै 1954 च्या रात्री मेम्फिसमध्ये, 706 युनियन ॲव्हेन्यूवरच्या, ‘सन’ या तबकड्यांच्या कंपनीचे मालक सॅम फिलिप्स यांच्या छोट्या स्टुडिओत एल्विस, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी ‘दॅट्स ऑल राइट’ वाजवलं. मूळ गाणं आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं. तबकडीच्या मागच्या बाजूचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ बिल मन्रो यांचं, म्हणजे गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतातलं. रॉकाबिलीची सारी कुंडली या दोन बाजूंत आहे. ड्रम नव्हताच. ब्लॅक आपल्या उभ्या बासची तार खेचून सोडायचा. ती पट्टीवर आपटली की जो खटका उठायचा, तोच ताल.

फिलिप्स यांची दुसरी करामत प्रतिध्वनीची. त्यांच्याकडे दोन टेप रेकॉर्डर होते. गाणं एका यंत्रावर मुद्रित होत असतानाच तो आवाज दुसऱ्याकडे जायचा. त्या यंत्रात मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. तेवढी टेप सरकेपर्यंत आवाज किंचित मागे पडतो. हा मागे पडलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की गायकाचा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत आल्यासारखा वाटतो. पुढे आरसीए या बड्या तबकडी कंपनीने एल्विसला उचललं तेव्हा त्यांच्या तंत्रज्ञांना हे साधेना. ‘हार्टब्रेक हॉटेल’साठी त्यांनी स्टुडिओच्या कॉरिडॉरमधला घुमारा वापरला.

आरसीएने नोव्हेंबर 1955 मध्ये एल्विसचा करार 35,000 डॉलरना विकत घेतला आणि दक्षिणेतल्या प्रत्येक गिटारवाल्या पोराला वाटलं, आता आपली पाळी. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण या पोरांसाठी दारं उघडली ती छोट्या कंपन्यांनी. टेक्सासमधल्या स्टारडे कंपनीचा ‘कस्टम’ धंदा तर अगदी सरळ होता: टेप पाठवा, पैसे भरा, साधारण तीनशे तबकड्या घेऊन जा. विकायची जबाबदारी तुमची. गायक त्यातल्या काही स्थानिक रेडिओ केंद्रांवर नेऊन द्यायचा, काही कार्यक्रमानंतर मोटारीच्या डिकीतून विकायचा, उरलेल्या नातेवाइकांत वाटायचा. तीनशेतल्या किती टिकणार? पार्ट्यांमध्ये जड सुयांखाली त्या वाजवून वाजवून घासल्या गेल्या.

स्टारडेच्या मुख्य यादीतल्यांचंही नशीब फार वेगळं नव्हतं. ह्यूस्टनच्या सॉनी फिशरने 1955 मध्ये ‘रॉकिन डॅडी’ केलं. ते आजही ऐकावं इतकं सणसणीत आहे, पण हाती पडलेली रॉयल्टी इतकी किरकोळ होती की त्याने कंपनीला रामराम ठोकला. मेम्फिसमध्येही सगळं आलबेल नव्हतं. बिली ली रायलीचं ‘रेड हॉट’ (मूळ बिली ‘द किड’ इमर्सन यांचं, तेही सनवरच निघालेलं) 1957 मध्ये वर चढू लागलं असतानाच फिलिप्स यांनी सगळी ताकद जेरी ली लुइसच्या मागे लावली, असा रायलीचा कायमचा आरोप होता. मला तो खरा वाटतो. छोट्या कंपनीला एका वेळी एकाच घोड्यावर पैसे लावणं परवडायचं.

काही तबकड्यांचा वेडेपणा मात्र दाद देण्याजोगा. अलाबामाच्या जेरी लॉटने ‘द फँटम’ या नावाने 1958 मध्ये मोबिल शहरात ‘लव्ह मी’ मुद्रित केलं. गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात किंकाळ्याच जास्त. डॉट कंपनीने ते 1960 मध्ये काढलं, तोवर रॉकाबिलीची लाट ओसरली होती. शेजारी बसून ‘जरा सांभाळून’ म्हणणारा कुणी असता, तर हे असं मुद्रित झालंच नसतं. अर्थात दुर्मीळ ते सारं सोनं, असंही नाही. जुन्या गाण्यांच्या संकलनांत निम्मी गाणी एल्विसची बेसूर नक्कल असतात, हे संग्राहक खासगीत कबूल करतात.

तबकड्यांइतकाच मोठा ठेवा टेपच्या खोक्यांत पडून होता. 4 डिसेंबर 1956 रोजी सनच्या स्टुडिओत पर्किन्सचं मुद्रण चालू होतं, पियानोवर जेरी ली लुइस. एल्विस सहज डोकावला, जॉनी कॅशही तिथे होता. कंट्रोल रूममधल्या जॅक क्लेमंटने टेप चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ हे नाव रूढ झालं, आणि टेप मात्र पंचवीस वर्षं बाहेर आली नाही. 1969 मध्ये नॅशव्हिलच्या शेल्बी सिंगलटन यांनी सन कंपनी विकत घेतली; त्यानंतर जुन्या खोक्यांची झाडाझडती सुरू झाली. 1981 मध्ये त्यातली सतरा गाणी युरोपात निघाली. गंमत म्हणजे फोटोत दिसणारा कॅश टेपवर काही केल्या ऐकू येत नाही.

ही गाणी आधी युरोपात यावीत, हा योगायोग नव्हे. अमेरिकेने रॉकाबिली 1960 पर्यंत अडगळीत टाकली होती. ब्रिटनमधल्या ‘टेडी बॉय’ मंडळींनी, म्हणजे रॉक अँड रोलवेड्या तरुणांनी, मात्र ती सोडली नाही, आणि मागणी तिथे असल्याने पुनर्प्रकाशनंही तिथेच झाली: लंडनच्या चार्ली आणि एस या कंपन्या, जर्मनीत 1975 मध्ये सुरू झालेली बेअर फॅमिली. एसने फिशरची जुनी गाणी पुन्हा काढली आणि ज्या माणसाला टेक्सासने विसरून टाकलं होतं, त्याला युरोपातल्या रंगमंचांवरून बोलावणी येऊ लागली.