राज्यपाल आणि गव्हर्नर: सही दोघांची, निर्णय एकाचाच

‘अमेरिकेत अमुक राज्याच्या राज्यपालांनी आयकर घटवला’ असं मराठी बातमीत वाचलं की माझं डोकं फिरतं. राज्यपाल कर घटवत नाहीत. घटवला तो गव्हर्नरने. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला आपण कधी राज्यपाल म्हणत नाही, मग कॅन्ससच्या गव्हर्नरलाच का?

राज्यपाल कोण, हे सांगायला नको. त्यांना राष्ट्रपती नेमतात; ते मंत्र्यांना शपथ देतात, वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण करतात. गव्हर्नरला लोक थेट निवडून देतात, बहुतेक राज्यांत चार वर्षांसाठी. इथवर सगळ्यांना कळतं.

घोळ होतो तो सहीपाशी. मंत्रालयातून निघालेला कोणताही शासन निर्णय घ्या. शेवटी ओळ असते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. खाली सही कुणा उपसचिवाची किंवा अवर सचिवाची. अंदाजपत्रक मांडायचं तेही राज्यघटनेच्या कलम २०२ नुसार राज्यपालांनी मांडायला लावायचं. हे वाचून माणसाला वाटतं, तिजोरीची किल्ली यांच्याकडेच आहे. पण नाव राज्यपालांचं असलं तरी ठरवतं मंत्रिमंडळ. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, तर राज्यपालांना पुनर्विचारासाठी परतही पाठवता येत नाही. कलम २०० मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. ‘राज्यपालांनी हे बजेट अडवावं’ अशी मागणी दर मार्चमध्ये कुणीतरी करतंच, म्हणून हे पुन्हा सांगावं लागतं.

आता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चला. २०२३ च्या अंदाजपत्रकात शाळांना दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलर जास्त महसूल उभारण्याची मुभा होती, २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांपुरती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी शेवटच्या वर्षातले ‘२०’ हे आकडे आणि मधली आडवी रेघ खोडली. उरलं ‘२४२५’. दोन वर्षांची मुभा चारशे वर्षांची झाली आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. इतकी मोकळीक बाकीच्या राज्यांत नाही, पण अंदाजपत्रकातली एखादी रक्कम तेवढी नाकारायचा अधिकार बहुतेक गव्हर्नरांना आहे. आपल्या राज्यपालांना त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही.

म्हणूनच वॉशिंग्टनची केटो इन्स्टिट्यूट ही अभ्याससंस्था दर दोन वर्षांनी गव्हर्नरांना कर आणि खर्चावरून ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते, त्याला अर्थ आहे. राज्यपालांची अशी गुणपत्रिका काढणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्याकडे ती मुख्यमंत्री आणि अर्थमंत्र्यांची काढायला हवी.

महाराष्ट्रापुरता एक अपवाद मात्र खरा. कलम ३७१(२) मुळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातल्या निधीच्या समन्यायी वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. १९९४ मध्ये विकास मंडळं झाली, सिंचनाच्या अनुशेषावर राज्यपालांचे निर्देश निघाले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तोही अधिकार वाटपाचा होता, कर लावण्याचा नव्हे.

आणि केटोची श्रेणी वाचताना एक लक्षात ठेवा: ही संस्था लहान सरकारची कट्टर पुरस्कर्ती आहे. कर आणि खर्च कमी केले की गुण वाढतात. शाळा कशा चालल्या याला गुण नाहीत. कॅन्ससचे सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला, लाखो छोट्या धंद्यांचा नफा करमुक्त केला. केटोने २०१२ आणि २०१४ अशी दोनदा त्यांना ‘ए’ दिली. राज्याचा महसूल आटला, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार ओलांडून ती करकपात बहुतांशी मागे घेतली.