शाळेतील आरोग्य तपासणीत संदर्भ चिठ्ठी मिळाली, तर पुढे काय करावे? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

शाळेत आरोग्य पथक येऊन गेले की काही मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. मुलाचे नाव, तपासणीत आढळलेली तक्रार आणि पुढे कोणत्या रुग्णालयात दाखवायचे, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. बऱ्याच घरांत ती प्रगतिपुस्तकासारखी वाचली जाते आणि कपाटात ठेवली जाते. मोफत तपासण्या, चष्मा, श्रवणयंत्र किंवा अगदी हृदयाची शस्त्रक्रिया मिळवण्याची शासकीय वाट मात्र याच चिठ्ठीपासून सुरू होते, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे शाळा आणि रुग्णालय यांच्यामधले हे अंतर होय.

ही तपासणी राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. फेब्रुवारी 2013 मध्ये, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून या कार्यक्रमाचा देशपातळीवर प्रारंभ झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या बालकांतील जन्मजात दोष, पोषणाच्या कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि वाढ व विकासातील विलंब लवकर ओळखून त्यांवर मोफत उपचार करणे हा त्याचा उद्देश आहे. पथकात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी) शाखेचे दोन वैद्यकीय अधिकारी, एक पुरुष आणि एक महिला, तसेच परिचारिका आणि औषधनिर्माता असावेत, अशी रचना ठरलेली आहे. मुलींची तपासणी महिला डॉक्टरांकडूनच व्हावी, असा आग्रह पालकांनी जरूर धरावा.

पात्रता

तपासणीसाठी उत्पन्नाची, जातीची किंवा शिधापत्रिकेच्या रंगाची कोणतीही अट नाही. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी होणे अपेक्षित आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या शाळा अर्थातच यात येतात. विनाअनुदानित खासगी शाळांत हे पथक सहसा जात नाही. परंतु तेथील मुलांनाही शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात थेट नेता येते. पथक शाळेत कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारण्यात संकोच बाळगू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे हा विषय समितीच्या बैठकीत मांडणे हे पालकांचे कामच आहे.

तपासणीच्या दिवशी मुलाला उपाशी पाठवू नये. मुलाला पूर्वी झटके आले असतील, दम्याचा त्रास असेल, एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असेल किंवा सध्या कोणते औषध चालू असेल, तर ते कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. एका दिवसात अनेक मुले तपासणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती मुलाकडून नीट मिळत नाही. उंची, वजन, दृष्टी, दात, कान, त्वचा आणि हृदयाचे ठोके यांची ही प्राथमिक तपासणी असते. तिच्यावरून आजाराचा संशय घेतला जातो, निदान नंतर तज्ज्ञ करतात. म्हणून चिठ्ठीवर ‘हृदयविकाराची शंका’ असे शब्द दिसले तरी घाबरून जाऊ नये, आणि मूल खेळते-बागडते आहे म्हणून ते शब्द दुर्लक्षूही नयेत.

चिठ्ठी मिळाल्यानंतर

किरकोळ तक्रारींवर पथक जागेवरच औषध देते. इतर मुलांना तक्रारीच्या स्वरूपानुसार प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय येथे पाठवले जाते. बोलण्यात, ऐकण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात विलंब दिसणाऱ्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तेथे बालरोगतज्ज्ञांसोबत वाचा, श्रवण, मानसशास्त्र आणि भौतिकोपचार या विषयांतील तज्ज्ञ एकाच छताखाली असावेत अशी कल्पना आहे. निघण्यापूर्वी त्या तज्ज्ञांचा बाह्यरुग्ण दिवस पथकाला दूरध्वनीवरून विचारून घ्यावा, कारण एवढ्या एका चौकशीने मजुरी बुडवून मारलेली फेरी वाया जाण्याचे टळते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महानगरपालिकांची रुग्णालये मात्र या विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत.

कागदपत्रे

मूळ संदर्भ चिठ्ठी, शाळेचे आरोग्य कार्ड, मुलाचे आधार कार्ड, जन्म दाखला, शिधापत्रिका, सोबत जाणाऱ्या पालकाचे ओळखपत्र आणि पूर्वीचे सर्व वैद्यकीय अहवाल एका पिशवीत एकत्र ठेवावेत. प्रत्येकाच्या दोन छायाप्रती काढाव्यात आणि मूळ चिठ्ठी कोणालाही कायमची देऊन टाकू नये. मुलाचे आधार कार्ड नसेल, तर शाळेकडून छायाचित्रासह बोनाफाईड प्रमाणपत्र घ्यावे. ते शाळेच्या शिक्क्याचे आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे असावे.

खरी अडचण कागद नसण्यापेक्षा कागदांवरची नावे न जुळण्याने होते. शाळेच्या रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर त्याचे वेगळे स्पेलिंग आणि शिधापत्रिकेवर घरातले हाक मारण्याचे नाव, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता प्रत्येक पालकाने तिन्ही कागद आजच शेजारी ठेवून ताडून पाहावेत. शिधापत्रिकेत मुलाचे नाव चढलेले नसेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात किंवा शहरात शिधावाटप कार्यालयात अर्ज करून ते लगेच चढवून घ्यावे. या कामाला वेळ लागतो, आणि शस्त्रक्रियेची तारीख समोर असताना तो वेळ हाताशी नसतो.

शस्त्रक्रिया किंवा मोठा उपचार लागल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली ही योजना 2023 च्या निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली झाली आणि विमा संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष 5 लाख रुपये करण्यात आली. योजनेत समाविष्ट असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे योजनेचे कर्मचारी, बसतात. संदर्भ चिठ्ठी आणि वरील कागदपत्रे घेऊन प्रथम त्यांच्याकडे नोंदणी करावी, कारण पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच ऑनलाइन पाठवते आणि पालकांना त्यासाठी वेगळ्या कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून घेऊन कागदपत्रे नंतर सादर करण्याची सोय आहे. मंजूर झालेला उपचार रोकडरहित असतो. तरीही त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास पावती मागावी आणि 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पावती मागितल्याबरोबर पुष्कळ ठिकाणी सूर बदलतो, हे येथे सांगितलेले बरे.

तज्ज्ञांनी कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे निदान केले, तर वेगळी प्रक्रिया सुरू होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे. ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर मुलाच्या वतीने पालक अर्ज करतात, त्यासोबत छायाचित्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडतात आणि त्यानंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात मुलाची प्रत्यक्ष तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. अशा मुलांना वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे.

ज्या मुलांना चिठ्ठी मिळाली नाही, त्यांच्या पालकांसाठीही दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची असते. तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर होतो आणि त्यात चिंतेचे काही नाही. जंतनाशक दिनी दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते, आणि पोटात जंत असलेल्या मुलाला त्यानंतर थोडी मळमळ होऊ शकते. त्या दिवशी मूल आजारी असेल, तर गोळी न देता तसे शिक्षकांना कळवावे.

शाळांनाही एक विनंती आहे. संदर्भित मुलांची यादी सूचना फलकावर लावू नये आणि ती पालकसभेत मोठ्याने वाचूही नये. ज्याची चिठ्ठी त्याच्या पालकांनाच स्वतंत्रपणे बोलावून द्यावी आणि दिल्याची सही घ्यावी. उपचार झाल्यावर पालकांनी रुग्णालयाच्या कार्डाची छायाप्रत शाळेत आणून द्यावी, म्हणजे आरोग्य कार्डावर त्याची नोंद होईल आणि पुढच्या वर्षी पथकाला पाठपुरावा करता येईल. ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बदली यांमुळे गाव सोडावे लागणाऱ्या कुटुंबांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत हे आरोग्य कार्डही मागून घ्यावे, आणि नव्या ठिकाणी प्रवेश घेताना अपूर्ण राहिलेल्या उपचारांची माहिती मुख्याध्यापकांना द्यावी, जेणेकरून तेथील पथक त्या मुलाला आपल्या यादीत घेईल.