कोहळ्याचा जीव देठात

इंग्लंडमधल्या पॅटन बंधूंचा भोपळा, म्हणजे आपलं कोहळं, ऑक्टोबर २०२५ मध्ये १२७८.८ किलो भरला, जागतिक विक्रम झाला. नागपुरातल्या आमच्या परसबागवाल्यांच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "इंजेक्शन कोणतं देतात?"

इंजेक्शनबिंजेक्शन काही नाही. 'अटलांटिक जायंट' हा निवडून निवडून घडवलेला वाण, वेलावर एकच फळ, आणि देठाची राखण.

देठच का? पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांत भरली जाते. तिथला रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिन्यांतलं पाणी परासरणाने आत शिरतं आणि दाब चढतो. फळ साखर काढून घेतं, त्यामुळे त्या टोकाला दाब उतरतो. या फरकावरच रस वाहतो, आणि फळात शिरतो तो देठातूनच. अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलेली ही कल्पना मला अजूनही थक्क करते. भोपळ्याच्या कुळात तर रसवाहिन्या जलवाहिन्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही अंगांना असतात. त्यातल्या चाळणीनलिकांना, म्हणजे रस वाहणाऱ्या बारीक नळ्यांना, इजा झाली की प्रथिनं गोठतात, चाळणीची भोकं कॅलोज नावाच्या शर्करायुक्त पदार्थाने बुजतात आणि ती वाट बंद. राक्षसी वाणांत रस अधिक वेगाने धावत नाही, रसवाहिन्याच जास्त असतात, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं.

भरात आलेलं असं फळ दिवसाला पंधरा-वीस किलो वाढतं. त्याचे खांदे वर येतात नि वेलाला उचलू लागतात. पण वेलाने पेरापेरावर मुळं धरलेली. मग ताण देठावर येतो आणि तो वेलापासून फाटतो. म्हणून फळ नारळाएवढं असतानाच रोज थोडंथोडं वळवून देठ वेलाशी काटकोनात आणायचा. हे दुपारीच करावं. सकाळी पाण्याने ताठलेला वेल कटकन मोडतो. फळाजवळच्या दोन-तीन पेरांची मुळं कापायची, बाकी पेरांवर माती चढवायची.

बोट दाखवलं की कोहळं सडतं, असं आपल्याकडे अजून म्हणतात. कोवळं फळ गळतं ते बहुधा परागीभवन न झाल्याने, नाहीतर फळमाशीने. सकाळी नर फूल मादी फुलावर टेकवा, मग खुशाल बोटं दाखवा.

नागपूरच्या काळ्या मातीत मात्र वेगळी काळजी हवी. पावसात ती पाणी धरून ठेवते, उघडीप मिळाली की भेगाळते आणि पेरांची मुळं तोडते. पेरांवर चढवायच्या मातीत शेणखत नि वाळू मिसळा, फळाखाली वाळूचा थर द्या. देठाच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. तिथे बुरशी आधी लागते.