कर आणि प्रजेचे समाधान (अंतराळ व्यूहखेळ)

अंतराळात साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांत खेळाडू प्रजेकडून किती महसूल उचलतो आणि त्यापायी प्रजा किती राजी वा नाराज होते, यांचा मेळ घालणारी कारभाराची बाजू. जहाजे, संशोधन, वसाहती हे सगळे तिजोरीवर चालते, तिजोरी रयतेवर चालते, आणि रयत नाराज झाली की तिची वाढ खुंटते, काम मंदावते किंवा दंगा होतो.

हा खेळप्रकार ‘फोर एक्स’ नावाने ओळखला जातो. 1993 मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ची ओळख करून देताना ॲलन एमरिच यांनी हा शब्द वापरला. शोध, विस्तार, उपसा आणि संहार ही त्यातली चार अंगे; इंग्रजीत या चारही शब्दांची सुरुवात ‘एक्स’च्या उच्चाराने होते. कर हा उपशाचाच भाग. पण जमिनीतल्या खनिजाला मत नसते, माणसांना असते. त्यामुळे हे अंग बाकीच्या तिन्हींपेक्षा नाजूक आहे.

कर आणि समाधान यांची थेट सांगड पाहायची तर स्टारडॉक कंपनीचा ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स 2’ (2006) हे सर्वांत चांगले उदाहरण. त्यात साऱ्या साम्राज्याला कराचा एकच दर असतो. तो एका सरकपट्टीने ठरतो आणि पट्टी उजवीकडे नेताच प्रत्येक ग्रहावरची मान्यता, म्हणजे ‘अप्रूव्हल’, खाली येते. नवा खेळाडू इथे हमखास एक चूक करतो. हातात पैसा असावा म्हणून तो पहिल्याच टर्नला, म्हणजे खेळाच्या पहिल्याच पाळीला, दर चढवतो. मान्यता 100 टक्के असेल तर लोकसंख्या दुप्पट वेगाने वाढते, हे त्याच्या लक्षात येत नाही. वसाहतीची जहाजे मूळ ग्रहावरचीच माणसे घेऊन निघतात. म्हणजे सुरुवातीला माणसे कमी होत असतात आणि नेमकी तेव्हाच त्यांची वाढ हवी असते. सुरुवातीच्या टर्नांत दर उतरवून तिजोरीतली शिल्लक खर्चू देणे हा उधळेपणा नव्हे, ती पेरणी आहे. आज न घेतलेला कर उद्याच्या करदात्यांच्या रूपाने परत येतो. अर्थात शिल्लक संपून कर्ज फार वाढले तर उत्पादनच थांबते. म्हणून दर किती उतरवायचा यापेक्षा तो पुन्हा कधी चढवायचा, हा प्रश्न अवघड ठरतो.

याहून फसवे प्रकरण गर्दीचे आहे. या खेळात मान्यता केवळ कराने घटत नाही. ग्रहावर माणसे जितकी जास्त, तितकी मान्यता आपोआप उतरते. समजा, एका ग्रहावर 4 अब्ज माणसे आहेत आणि दुसऱ्यावर दोन शेतीकेंद्रे बांधून ती 14 अब्जांवर नेली आहेत. दर दोघांना सारखाच, तरी पहिला ग्रह खुशीत असतो आणि दुसरा धुमसत असतो. साम्राज्याची सरासरी मात्र बरी दिसते, म्हणून खेळाडू निर्धास्त राहतो. मग भरलेल्या ग्रहावर वाढ थांबते, मान्यता आणखी घसरली तर माणसे घटू लागतात, आणि दोष कराच्या पट्टीला दिला जातो. सगळ्या साम्राज्याचा दर उतरवून एका ग्रहाची नाराजी मिटवणे हा फार महाग उपाय आहे. त्या ग्रहावर करमणूक केंद्र उभारणे किंवा शेतीकेंद्र मुळात न बांधणे स्वस्त पडते. मान्यता वाढवणारे नैसर्गिक साधनही नकाशावर सापडते. त्यावर अंतराळतळ उभारला की फायदा साऱ्या ग्रहांना मिळतो. रयत का रुसली आहे हे ग्रहागणिक उघडून पाहणे, यातच या खेळातला निम्मा कारभार येतो.

याच खेळात साम्राज्यशाही सोडून प्रजासत्ताकाकडे गेले की उत्पन्न वाढते, पण निवडणुकाही सुरू होतात. खेळाडूने निवडलेला पक्ष हरला तर त्या पक्षामुळे मिळणारे लाभ जातात. म्हणून निवडणूक तोंडावर आली की अनेक जण दर उतरवतात आणि निकाल लागताच पुन्हा चढवतात. खेळ याला आडकाठी करत नाही. मतदारांची आठवण थोडी लांब ठेवली असती तर हा भाग अधिक खरा वाटला असता.

‘मास्टर ऑफ ओरायन 2’ (1996) मध्ये वेगळा मार्ग आहे. तिथे कर कारखान्यांच्या उत्पादनातून कापला जातो. त्याने प्रजेचे मनोबल ढळत नाही, फक्त बांधकाम मंदावते. मनोबल ठरते ते राज्यपद्धतीवर आणि इमारतींवर. हुकूमशाहीत वसाहतीवर सैनिकी बराक नसेल तर मनोबल 20 टक्क्यांनी कमी राहते; होलो सिम्युलेटरसारखी करमणुकीची इमारत ते वर उचलते. ‘युनिफिकेशन’ या राज्यपद्धतीत मनोबलाचा हिशेबच नाही, तिथली प्रजा ना खूश होते ना नाराज.

‘अल्फा सेंटॉरी’ (1999) हा एकाच परक्या ग्रहावर घडणारा खेळ. त्यात ऊर्जेचे उत्पन्न अर्थ, संशोधन आणि ‘साइक’ म्हणजे प्रजेचे मन राखणे, अशा तीन वाटांनी वाटून द्यावे लागते. तळावर, म्हणजे वस्तीत, असंतुष्ट ‘ड्रोन’ समाधानी ‘टॅलंट’पेक्षा जास्त झाले की दंगल होते आणि काम ठप्प होते. यावर करमणूक केंद्र हा एक उपाय. तो दोन ड्रोन शांत करतो. दुसरा उपाय ‘पनिशमेंट स्फिअर’ नावाच्या इमारतीचा. ती उभी राहताच त्या तळावर एकही ड्रोन उरत नाही, एकही टॅलंट उरत नाही आणि संशोधन निम्म्यावर येते. भीतीने मिळवलेल्या शांततेची किंमत इतक्या उघडपणे आकड्यात मांडणारा नियम या प्रकारच्या खेळांत विरळाच.

‘स्टेलारिस’ (2016) मध्ये कराची सरकपट्टीच नाही. तिच्या जागी राहणीमान ठरवायचे असते, तेही प्रत्येक वंशासाठी वेगळे. चांगले राहणीमान दिले तर उपभोग्य वस्तू जास्त खपतात आणि त्यासाठी कारखाने अडकून पडतात. समाजातल्या प्रत्येक थराचे राजकीय वजनही राहणीमानाबरोबर बदलते: विषम राहणीमानात सत्ताधारी थराची खुशी ग्रहाच्या स्थैर्यात कितीतरी पट मोजली जाते आणि कामगारांची नाराजी त्या हिशेबात जेमतेम दिसते.