कपबशी आणि भोवती फुलं : भरतकामातल्या एका नक्षीची पुणेरी पार्श्वभूमी

लाकडी रिंगमध्ये ताणलेलं पांढरं कापड, मधोमध कपबशी, काठावरून वर जाणारी वाफ आणि भोवती गुलाब, डेझी, पानांच्या डहाळ्या. हाताच्या भरतकामातली ही नक्षी आज पुण्यातल्या हौशी बायकांच्या आणि मुलींच्या हातात पुन्हा दिसू लागली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, ही परवापरवा मोबाइलवरून आलेली हौस. आकृती बाहेरची आहे हे खरंच. पण पुण्यातल्या घरांत ती रुळली त्याला बराच काळ लागला, आणि त्या काळात या शहराने कपावरूनही वाद घातला आणि सुईवरूनही. दोन्ही वादांत एकच घर मध्यभागी होतं, ते म्हणजे रानड्यांचं. म्हणून ही हकिगत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

आधी कपाचं. चहा चीनचा आणि चहाचं भांडंही चीनचंच. तिथली वाटी बिनकानाची. ही चिनी मातीची भांडी युरोपात सोन्याच्या मोलाने विकली जात, पण ती बनवायची कशी हे तिकडे कोणालाच साधत नव्हतं. १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसेनला कारखाना निघाला आणि तसं पोर्सलेन युरोपात बनू लागलं. अठराव्या शतकातच वाटीला कान चिकटला, खाली बशी आली, आणि माइसेनच्या चित्रकारांनी पांढऱ्याशुभ्र भांड्यांवर बागेतली खरी फुलं रंगवायला सुरुवात केली. म्हणजे फुलं आधी कपावर होती. कपाभोवती ती आली सुईमुळे, आणि त्याला तसं कारणही आहे. पांढऱ्या कापडावर पांढरा कप भरायचा तर नुसती बाह्यरेषा उरते, कप पोकळ आणि पोरका दिसतो. भोवती गडद पानं आली की मधली कोरी जागा आपोआप कपाचा आकार घेते. भरणाऱ्या बाईने कपात एकही टाका घातलेला नसतो, तरी कप भरलेला दिसतो.

चीनकडून आलेला आणखी एक धागा पुण्याच्या लष्कर भागात पोचला होता. कँटनच्या व्यापारातून पारशी व्यापाऱ्यांनी चहाबरोबर रेशमी भरतकामही आणलं. तोच पारशी गारा : गडद रेशमावर कमळं, शेवंत्या, पक्षी, सगळं बारीक रेशमी टाक्यांनी भरलेलं. पेठांमधल्या घरांशी त्याचा संबंध फारसा आला नाही, म्हणून इथे एवढंच पुरे.

पेठांमधल्या घरांची सुई वेगळी होती. बाळंतविड्यातली कुंची आणि टोपडी, पानसुपारीचे बटवे, सोंगट्यांचे पट, चोळीच्या बाह्या यांवर कशिदा असे. दक्षिणेकडून येणाऱ्या इरकली लुगड्यांवर कसुती असे. गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, आणि टाका असा की उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, गाठ कुठे दिसू नये. या नक्ष्यांत देवळातलं आणि अंगणातलं सगळं येत होतं. कपबशी नव्हती, कारण घरातच नव्हती. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात धातूचं भांडं घासून शुद्ध होई, मातीचं एकदा उष्टं झालं की संपलं. चिनी माती कितीही चकचकीत असली तरी शेवटी मातीच. त्यामुळे चहा आला तरी कप बराच काळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

आणि मग १८९० चा ऑक्टोबर. गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामवंत मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखण्यापुरता कप हातात धरून खाली ठेवला. ही मंडळी जमवण्यात आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांचा पुढाकार होता, आणि नंतर हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली. शहर ढवळून निघालं. ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. कोणी भटजी द्यायचा, कोणी नाही, कोणाच्या घरी श्राद्धाला जायचं, लेकीसुनांना माहेरी पाठवायचं की नाही, इथपर्यंत एका कपाची झळ पोचली. टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. रानड्यांनी स्नेह्यांच्या आग्रहाखातर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

या प्रकरणाकडे आपण बहुधा पुढाऱ्यांच्या बाजूने पाहतो. मला त्यात रमाबाई रानडे जास्त महत्त्वाच्या वाटतात. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग घराच्या आतून सांगितला आहे. नवऱ्याने प्रायश्चित्त घेतलं याचं त्यांना झालेलं दुःख, आणि त्यामागची रानड्यांची बाजू समजून घेण्याची धडपड, दोन्ही त्यात आहे. पुण्यात चहाचा कप म्हणजे काय होतं, हे कळायला याहून जवळचा साक्षीदार नाही. आणि नेमक्या याच बाईंनी पुढे पुण्यातल्या बायकांच्या हातात सुई नव्या तऱ्हेने दिली.

सुईचा वाद त्याआधी सुरू झाला होता. मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होतंच. १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, आजची हुजूरपागा. तिथे मुलींना मुलांसारखंच इंग्रजी आणि गणित शिकवायचं ठरलं, त्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून कडक टीका झाली. मुलींना घरकाम, शिवणटिपण, धर्मनीती एवढं पुरे, असा टीकाकारांचा सूर होता. म्हणजे सुई तेव्हा मुलींना वर्गाबाहेर ठेवायचं निमित्त म्हणून पुढे केली जात होती. रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही बायकांसाठीची संस्था सुरू केली तेव्हा तीच सुई त्यांनी उलट कामाला लावली. विधवा, परित्यक्ता, प्रौढ वयात शिकायला आलेल्या बायका यांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याच्या शिक्षणाबरोबर शिवण आणि भरतकाम शिकवलं गेलं, ते चार पैसे मिळवता यावेत म्हणून. भरतकामाला ‘फावल्या वेळची करमणूक’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पुण्यातल्या कित्येक बायकांना स्वतःच्या कमाईचा पहिला रुपया सुईनेच दिला आहे.

शाळेतल्या शिवणवर्गाबरोबर नमुनेही आले. इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने गरम इस्त्रीने कापडावर उमटणारे नक्षीचे कागद बाजारात आणले. चित्रकला न येणाऱ्या बाईलाही आता नक्षी मिळू लागली. तिकडे दुपारच्या चहाचा थाट वाढलेला, त्यामुळे टी-कोझी (किटलीवर घालायचं कापडी टोपडं), ट्रेवरचा रुमाल, टेबलक्लॉथ यांच्यावर भरायला किटली आणि कपबशीच्या नक्ष्या ओघानेच आल्या. धागाही आला. फ्रान्समधली डीएमसी ही १७४६ पासूनची पेढी, तिचे रंगीत सुती धागे जगभर गेले. आपल्याकडे घरोघरी पोचला तो अँकर छापाचा धागा. आठ मीटरची लडी, सहा पदर, हवे तेवढे सोडवून घ्यायचे.

इस्त्रीचे कागद इथे सगळ्यांना परवडत नव्हते, मिळतही नव्हते. त्याला देशी तोड होती, खाका. ट्रेसिंगच्या कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली निळीची भुकटी बोळ्याने फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी. एक खाका शंभर कापडांना पुरतो. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, रविवार पेठेतली बोहरी आळी या भागात धागे, मणी, रिंगा घ्यायच्या, नक्षी छापून घ्यायची, ही पुणेकर बायकांची वहिवाट. ज्यांना तेही नको त्यांनी शेजारणीच्या ट्रेकव्हरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि कार्बनने आपल्या कापडावर उतरवली. कपबशी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात अशी हातोहात गेली, आणि प्रत्येक हाताने तिच्यात काहीतरी बदललं.

तोपर्यंत कपाचं सोवळंओवळंही सुटत आलं होतं. १९०३ च्या चहा उपकर कायद्यातून जमणाऱ्या पैशावर चहाचा प्रचार सुरू झाला, रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या देशी भाषांत लागल्या. १९२० च्या दशकापासून पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ‘अमृततुल्य’ नावाची चहाची दुकानं थाटली, डेक्कनवर १९३५ मध्ये कॅफे गुडलक उघडलं. ज्या शहरात चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, तिथे पाहुण्याला चहा न विचारणं हा अपमान ठरू लागला.

कपबशीची नक्षी खरी फुलली ती ट्रेकव्हरवर. मुलगी बघायला मंडळी येत, पोहे होत, मग मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येई. कप उचलले की खालचं भरतकाम दिसे, आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणे, ‘हे तिनंच भरलंय हं!’ येणाऱ्यांतली एखादी आत्याबाई कापड उलटून मागची बाजू पाही. मागे दोरे लोंबत असतील, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उड्या मारल्या असतील, तर भरणारीचं अवसान कळतं. या पाहणीतला जाच मला नाकारायचा नाही. पण त्याच मुलीने महिनोन्‌महिने दुपारी बसून रंग निवडले, गुलाब खुलवले, कपाची कड तीनतीनदा उसवून पुन्हा घातली, तेव्हा ती कोणा पाहुण्यासाठीच बसली होती असं कसं म्हणावं? लग्न ठरलं की तेच ट्रेकव्हर, अभ्रे, बसकरं रुखवतात मांडली जात. तिच्या हातचं काम चारचौघांत तिच्या नावाने मांडलं जाण्याची ती बहुतेक एकमेव जागा होती.

आता थोडं कामाकडे. या नक्षीत सगळ्यात अवघड आहे ते कपाचं तोंड. गोल तोंड तिरकं पाहिलं की लंबगोल दिसतं आणि त्याची दोन टोकं गोलसरच राहायला हवीत. तिथे टोक आलं की कप द्रोणासारखा दिसतो. म्हणून कड देठाच्या टाक्याने, दोनच पदर घेऊन भरावी, आणि वळणावर टाका निम्मा लहान करावा. कपाचा कान एकाच दमात भरू नये, वरून खाली आणि खालून वर असा मधे आणून मिळवावा, म्हणजे जाडी सारखी राहते. पानांना माशाच्या काट्याचा टाका शोभतो, मधली शीर आपोआप उमटते. बारीक फुलांना लेझी डेझी, परागांना गाठीचा टाका. वाफ मात्र एका पदराच्या धावदोऱ्याने, राखाडी रंगात. ती भरीव केली की धूर वाटते.

फुलांच्या बाबतीत मला आग्रहाने काही सांगायचं आहे. नमुन्यातले गुलाब आणि डेझी इंग्रजी बागेतले आहेत. पुण्यातल्या बायकांनी त्यांच्या जागी मोगरा, अबोली, शेवंती, जास्वंद घातली आणि नक्षी आपलीशी केली. त्याच वाटेने आणखी पुढे जावं. आपल्या चहात पडतं ते भोवती का असू नये? गवती चहाची लांब, मधेच वाकलेली पात, आल्याचं पान, तुळशीची मंजिरी. आणि खुद्द चहाचं फूल : पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळ्याधमक केसरांचा झुबका. मळ्यात झुडपं सतत खुडतात आणि छाटतात, म्हणून ते क्वचितच फुलू देतात. गाठीच्या टाक्याला याहून चांगलं फूल नाही.

जुनी ट्रेकव्हरं अजून पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी आहेत. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला, म्हणून त्या आज राजा केळकर संग्रहालयात पाहता येतात. ट्रेकव्हरांच्या वाट्याला असा संग्राहक आला नाही, तेव्हा हे काम घरच्यांनीच करायला हवं. कापड थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावं, सावलीत वाळवावं, घडी न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवावं, कारण घडीवर धागा आधी तुटतो. आणि आजी, मावशी, काकू जी कोणी हयात असेल तिला विचारून, हे कोणी भरलं, कोणत्या साली, नक्षी कुठून घेतली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ती कापडाला टाक्याने जोडावी.